नाळ नसलेली नाव

मुंबईहून आलेल्या, चित्रपटाच्या प्रॉपर्टीच्या यादीत सत्ताविसाव्या ओळीवर लिहिलं होतं, 'जहाज, लाकडी, जुनं, २ नग, शिडांसह'. अठ्ठाविसाव्या ओळीवर 'नांगर, ४ नग'. एकोणतिसावी ओळ मी दोनदा वाचली: 'सुकाणूचं चाक, पितळी कडीचं, १ नग'. प्रसंग होता १० ऑगस्ट १७६३ च्या लढाईचा. स्थळ राक्षसभुवन, तालुका गेवराई, जिल्हा बीड. तिथून समुद्र सरळ रेषेत मोजला तरी अडीच-तीनशे किलोमीटर.

आर्ट डिपार्टमेंटमध्ये बीड जिल्ह्यातली मी एकटीच. माहेर अंबाजोगाईचं. त्यामुळे "तू तिकडचीच ना, मग बघून ये" एवढ्या एका वाक्यावर माझी रवानगी झाली. हातात यादी, कॅमेरा, मोजपट्टी आणि सात दिवस.

यादी करणाऱ्याचा दोष नव्हता. ऐतिहासिक मराठी चित्रपटात पाणी आलं की आपल्या डोळ्यांपुढे कोकण येतं. गुराब, गलबत, पाल, मचवा, शिबाड ही नावं आपण शाळेत ऐकलेली असतात. कान्होजी आंग्र्यांचं आरमार, विजयदुर्गाजवळची वाघोटण खाडीतली गोदी हे सगळं चित्रासारखं समोर उभं असतं. निघण्यापूर्वी मीही तेच केलं. बोरिवलीच्या एकसरला जाऊन वीरगळ पाहिले. दगडात कोरलेल्या नौकांच्या रांगा, वल्ह्यांच्या रांगा, लढाई ऐन रंगात. येताना छत्रपती संभाजीनगरला उतरून तिथल्या सातव्या लेण्यात गेले. अवलोकितेश्वराला आठ संकटांतून सोडवण्याची विनवणी करणारे भक्त तिथे कोरले आहेत, त्यात एक संकट नाव फुटण्याचं. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यातलं तीन डोलकाठ्यांचं जहाज तर प्रत्येक रेफरन्स-फाइलच्या पहिल्या पानावर असतंच. मराठवाड्याच्या दगडात आणि भिंतीवर जहाजं आहेत, पण ती समुद्राचीच. गोदावरी ओलांडायला त्यांतलं एकही उपयोगाचं नाही.

समुद्रापासून दूर बसून समुद्र उभा करायची आपल्याकडे जुनी परंपराही आहे. प्रभातचा 'अमरज्योती' १९३६ चा. त्यात दुर्गाबाई खोटे समुद्री लुटारूंची म्होरकी झाल्या होत्या, आणि कंपनीचा स्टुडिओ होता पुण्यात. तेव्हा पुण्यात जहाज उभं राहू शकतं, तर बीडमध्ये का नको, असं आमच्या निर्मात्यांना वाटलं असेल तर मी त्यांना नावं ठेवणार नाही. फक्त पितळी कडीचं चाक मी पेन्सिलनं खोडलं.

त्या दिवशी घडलं ते थोडक्यात सांगायला हवं, कारण या लढाईत खरं हत्यार नदीच होती. त्याच वर्षी निजाम अलीच्या फौजेनं पुणं लुटलं, जाळलं. माधवराव पेशवे तेव्हा अठरा वर्षांचे. त्यांनी आणि राघोबादादांनी निजामाच्या मुलखात शिरून उलट धुमाकूळ घातला. निजामाच्या बाजूनं गेलेल्या जानोजी भोसल्यांना फोडलं. निजाम औरंगाबादकडे परतायला निघाला, वाटेत गोदावरी. तो स्वतः सैन्याचा एक भाग घेऊन पैलतीराला पोचला. दिवाण विठ्ठल सुंदर उरलेल्या फौजेसह दक्षिण काठावर राहिला. मधे पूर. मराठ्यांनी नेमकं तेव्हाच गाठलं. विठ्ठल सुंदर मारला गेला आणि निजामाला पलीकडच्या काठावरून पाहत बसण्यापलीकडे काही करता आलं नाही. सप्टेंबरात औरंगाबादेला तह झाला. एवढा मोठा विजय मिळूनही राक्षसभुवन पुढे निजामाच्याच राज्यात राहिलं, ते १९४८ पर्यंत. मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे ही लढाई बहुधा रणजित देसाईंच्या 'स्वामी'तून येते, पण कादंबरीकाराला प्रॉपर्टीची यादी द्यावी लागत नाही.

आमच्या पटकथेत लढाईच्या आदल्या रात्री नदीवर पिठूर चांदणं होतं. मी पंचांगाचं गणित मांडलं. त्या वर्षी ९ ऑगस्टच्या सुमारास अमावास्या येते. म्हणजे श्रावण जेमतेम लागलेला आणि रात्र काळीकुट्ट. चांदणं गेलं, यादीत दिवट्या, हिलाल आणि पलिते वाढले. छायालेखकानं फोनवर मोठा सुस्कारा टाकला.

बीडहून गेवराई तीसेक किलोमीटर. सोलापूर-धुळे महामार्ग झाल्यापासून हा रस्ता अर्ध्या-पाऊण तासाचा. गेवराईतून पुढे मात्र ऊस, कापूस आणि वाळूचे हायवा यांच्या संगतीनं जावं लागतं. मी गेले तो शनिवार होता, हे तिथे पोचल्यावर लक्षात आलं. राक्षसभुवन शनीचं गाव. रुईच्या पानांच्या माळा, काळे उडीद, तेलाच्या बाटल्या, आणि मंदिरापासून घाटापर्यंत चपलांचे ढीग. शनिवारी श्रावणात इथे शांतपणे अभ्यास करायला येणाऱ्या माणसाला साडेसाती नाही तर काय म्हणावं!

गोदावरीला इथे कुणी गोदावरी म्हणत नाही. ती गंगा. काठचा मुलूख गंगथडी. अलीकडची ती ऐलथडी, पलीकडे जालना जिल्हा ती पैलथडी. घाटावर उभं राहून मी पहिल्यांदा पात्र पाहिलं आणि निराश झाले. पैठणच्या जायकवाडी धरणाचं उद्घाटन १९७६ मध्ये झालं, त्यानंतर खालच्या नदीचा स्वभावच बदलला. खाली आपेगाव, हिरडपुरीपासून बंधाऱ्यांची माळ. वरून पाणी सोडलं तर नदी, नाही तर ठिकठिकाणी साचलेली डबकी. पात्रात नाव म्हणावी अशी एकच वस्तू दिसली. वाळू उपसायच्या केनीचा तराफा, पत्र्याचे ड्रम आणि लाकडी वासे बांधून केलेला. महसूलवाले अधूनमधून येऊन असे तराफे जाळतात, म्हणून तो टिकाऊ करायच्या फंदात कुणी पडत नाही. एक पोरगा थर्माकोलच्या लादीवर पोटावर पडून जाळं सोडत होता. माझ्या सत्तावीस, अठ्ठावीस आणि एकोणतीस नंबरच्या ओळी मनातल्या मनात बुडाल्या.

घाटाच्या वरच्या अंगाला एक म्हातारबाबा जाळं विणत बसले होते. भोई समाजातले, वय ऐंशीच्या आसपास. मी आबा म्हटलं, त्यांनी ताई म्हटलं, आणि पुढचे दोन तास माझा कागद कमी पडला.

"नाव कसली बघताय ताई? नाव असती पंढरपुरात. हितं गंगा चार महिने असती नि आठ महिने नसती. नाव वाळूत ठिवून करायचं काय?"

हे वाक्य मी चौकट करून लिहून ठेवलं. सगळ्या संशोधनाचं सार तेच होतं. वर्षातले आठ महिने जिथून माणूस पायी उतरून जातो, त्या उताराजवळ कुणी फळ्यांची जड नाव बांधून ठेवत नाही. लागेल तेव्हा करायची आणि पाणी ओसरलं की मोडायची किंवा दुसऱ्या कामाला लावायची, अशीच इथली साधनं असणार.

आबांनी ती एकेक करून सांगितली. सगळ्यात साधी सांगड. वाळलेले दोन मोठे दुधी भोपळे, मधे दोरी, ती छातीखाली धरून पाय मारायचे. आपण रोज कामाची आणि घराची सांगड घालतो, योजनांची आणि निधीची सांगड घालतो, पण ती मुळात पाण्यावर घालायची वस्तू आहे हे मी त्या दिवशी पहिल्यांदा हातवाऱ्यांसह पाहिलं. मोल्सवर्थच्या कोशात अर्थ नोंदवला आहेच: दोन होड्या, दोन ओंडके किंवा भोपळे एकत्र बांधून केलेलं तरतं साधन. बायका-पोरं, धान्य, लग्नाचं सामान असेल तर?

"मग कढई."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"गुळाची कढई ओ. गुऱ्हाळावरची. चार-पाच माणसं बसायची मधी, दोघं कडंला धरून पवायचे. आमच्या चुलतीला बाळंतपणाला कढईतच पैल नेलती. पाणी आमचं नव्हं ताई, नाशकाचं. हितं आभाळात ढग नसला तरी गंगा येती. मग घरात जे हाय त्याच्यात बसायचं."

हे नाशकाचं पाणी युद्धाच्या कथेतही महत्त्वाचं. बीड पर्जन्यछायेतला जिल्हा. नदीला पूर येतो तो सह्याद्रीवर पडलेल्या पावसाचा, शेकडो किलोमीटरांवरचा. १७६३ मध्ये वाटेत धरण एकही नव्हतं. कोरड्या आभाळाखाली पाणी चढताना पाहणाऱ्या सैनिकाचा चेहरा कसा दिसेल, हे मी दिग्दर्शकासाठी टिपून घेतलं. आमच्या पटकथेत विजा कडाडत होत्या.

"कढई सरळ जाते का हो आबा?"

"ती कशी सरळ जाईल? भवऱ्यावानी फिरती. फिरू द्यायची. सरळ धराया गेलं की उलटती."

ते ऐकताना मला कधीतरी वाचलेलं आठवत होतं, पण कुठे ते सुचेना. रात्री गेवराईच्या लॉजवर फायली उघडल्या तेव्हा सापडलं. डोमिंगो पाइश हा पोर्तुगीज १५२० च्या सुमारास विजयनगरात होता. तुंगभद्रा ओलांडून आनेगुंदीला जायच्या होड्या त्यानं वर्णन केल्यात: टोपलीसारख्या गोल, वेतकामाच्या, बाहेरून कातडं मढवलेल्या, पंधरा-वीस माणसं घेणाऱ्या. वल्ह्यानं हाकतात आणि होडी सारखी गरगर फिरत राहते, असंही तो लिहितो. पुढच्या शतकात ताव्हेर्निए या जवाहिऱ्यानं कृष्णेवर अशाच टोपल्या पाहिल्या. बैलाचं कातडं बाहेरून, आत तळाला काटक्यांच्या मोळ्या आणि त्यांवर अंथरूण, म्हणजे माल आणि माणूस भिजत नाही. कानडीत ती हरिगोलू. हंपीला गेलेल्या प्रत्येकानं तिचा फोटो काढलेला असतो, फक्त आता कातड्याच्या जागी प्लास्टिक आणि डांबर असतं.

पण तुंगभद्रा आणि कृष्णा वेगळ्या, गोदावरी वेगळी, असं कुणी म्हणेल म्हणून तिसरा साक्षीदार हवा होता. तो मिळाला राक्षसभुवनाच्या अगदी दारात. १८०३ चा पावसाळा. आर्थर वेलस्ली, पुढे वॉटर्लूमुळे जगाला ठाऊक झालेला ड्यूक ऑफ वेलिंग्टन, १२ ऑगस्टला अहमदनगरचा किल्ला घेऊन गोदावरी ओलांडून औरंगाबादेला आला. शिंदे-भोसल्यांची फौज हैदराबादकडे घुसू नये म्हणून सप्टेंबरच्या सुरुवातीला तो गोदाकाठानं खाली सरकला, आणि त्याच्या पत्रांवर राक्षसभुवनाचं नाव 'राकिसबम' अशा मोडक्या रूपात येतं. २३ सप्टेंबरला तो असईला लढला. या मोहिमेत पूर आलेल्या नद्या ओलांडायला त्यानं काय वापरलं? वेताच्या टोपल्या, बैलाच्या कातड्यानं मढवलेल्या. दख्खनच्या नद्यांशी त्याची ओळख म्हैसूरकडच्या मोहिमांपासूनची होती, त्यामुळे टोपल्या आधीच करवून घ्यायची शिस्त त्याच्याकडे होती. माधवरावांच्या लढाईनंतर चाळीसच वर्षांनी, त्याच नदीवर.

मी वहीत हिशेब मांडला. दहा टोपल्या, प्रत्येकीत पाइशच्या मापानं पंधरा माणसं, म्हणजे खेपेला दीडशे. चढत्या पाण्यात जाऊन-येऊन तास धरला तर पाच हजार माणसं उतरायला तेहतीस तास. घोडे पोहत जातील, पण तोफा, तंबू, दाणागोटा वेगळाच. एखादं सैन्य नदीवर दोन तुकड्यांत कसं सापडतं, हे युद्धाच्या नकाशावरच्या बाणांपेक्षा मला या तेहतीस तासांनी जास्त समजलं. आणि आमच्या दोन जहाजांत ते सैन्य दोन शॉटमध्ये पार होत होतं!

दुसऱ्या दिवशी पांचाळेश्वर. राक्षसभुवनाजवळच, नदीच्या पात्रातच उभं असलेलं दत्तात्रेयांचं ठिकाण, महानुभाव पंथाचं आत्मतीर्थ. पूर आला की मंदिर पाण्यात. पुजाऱ्यांनी भिंतीवर हात ठेवून पाणी कुठवर येतं ते दाखवलं आणि मी मोजपट्टी लावून उंची लिहून घेतली. सेटवरच्या टाकीत पाणी किती खोल दाखवायचं याचा यापेक्षा भरवशाचा आकडा मला कुठे मिळाला असता? चक्रधरस्वामी याच गंगातीरानं हिंडले, त्यामुळे इथल्या प्रत्येक वळणाला एखादी लीळा चिकटलेली आहे.

माजलगावकडे जाताना दोऱ्यांचा प्रश्न सोडवला. समुद्राच्या सेटवर काथ्याचा सुंभ चालतो, कारण नारळ तिथलाच. इथे दोर अंबाडीचे. अंबाडीचे देठ पाण्यात कुजवून वाक काढायचा, तो वळायचा, हे काम पूर्वी घरोघर व्हायचं. आठवडी बाजारात आता सगळे नायलॉनचे हिरवे-निळे कासरे टांगलेले. एका दुकानदारानं माळ्यावरून अंबाडीचं जुनं नाडं काढून दिलं, धूळ झटकून, फुकट. त्याचा रंग, त्यावरची लव, गाठीजवळचा काळपटपणा, सगळ्याचे फोटो घेतले. नव्या दोराला असं जुनं करायला आमच्याकडे चहाचं पाणी आणि मुलतानी माती वापरतात. एजिंग म्हणतात त्याला.

पुरुषोत्तमपुरीला जाणं यादीत नव्हतं, पण गोदाकाठी येऊन ते टाळायचं कसं. अधिक महिन्यात इथे पाय ठेवायला जागा नसते, मी गेले तेव्हा ओसरीवर दोन म्हाताऱ्या आणि एक मांजर. याच गावचा देवगिरीच्या रामचंद्र यादवाचा ताम्रपट प्रसिद्ध आहे, शके १२३२, म्हणजे १३१० चा. मंदिराच्या विटा पाण्यावर तरंगतात असं इथे सांगतात. तेरच्या प्राचीन मंदिराच्या विटांचीही तीच ख्याती आहे. मातीत भाताचं तूस किंवा असलाच जळून जाणारा पदार्थ मिसळून वीट भाजली की आत असंख्य पोकळ्या राहतात आणि वीट हलकी होते. मला गंमत वाटली ती वेगळीच. ज्या मुलखात धड नाव नाही, तिथल्या विटाही तरंगतात आणि कढयाही.

पुढे मंजरथ, जिथे पाटोद्याच्या डोंगरातून येणारी सिंदफणा गोदावरीला मिळते. संगमावर अर्धा तास बसले, डबा खाल्ला, निघाले.

आता प्रश्न एकच उरला होता. दहा फुटांची टोपली विणणार कोण? मुंबईत विचारलं तर फायबरची करून वर वेताचा रंग देऊ म्हणाले. माजलगावात बांबूकाम करणारं बुरूडाचं एक घर सापडलं. दारात सुपं, दुरड्या, डालगी, कोपऱ्यात धान्याच्या कणग्या. घरधन्यांना मी मोबाईलवर हंपीचा फोटो दाखवला. त्यांनी तो मोठा करून तळ पाहिला, काठ पाहिला.

"ही तर कणगी हाय. बसकी."

मग बायकोला हाक मारून दाखवला. तीही म्हणाली, "कणगीच की. तोंड मोठं केलंय."

त्यांना नदीचं, निजामाचं, पाइशचं काही घेणं नव्हतं. कामट्या किती जाड, तळाला दुहेरी वीण घालावी लागेल, काठाला वळसा कसा द्यायचा, एवढंच बोलणं. कातड्याची बाब मी समजावली. पूर्वी विहिरीवरची चामड्याची मोट शिवायचे तशी शिवण बाहेरून दिसली पाहिजे. खरं कातडं आम्ही वापरणार नव्हतो. आत ताडपत्री, बाहेर जाड कॅनव्हास, त्यावर तेलकट तपकिरी रंग, शिवण मात्र हाताची. मोटेची शिवण आठवणारा एक वयस्क कारागीर त्याच गल्लीत निघाला. त्यानं वर्तमानपत्राच्या कागदावर टाका काढून दाखवला, दुहेरी, मधे चामड्याची पट्टी. मोट जाऊन कितीतरी वर्षं झाली, पण त्याचा हात कागदावरही अडखळला नाही.

पहिली टोपली अकरा दिवसांत झाली. माझे सात दिवस कधीच संपले होते. चाचणीसाठी शेजारच्या गावातलं शेततळं मिळालं, प्लास्टिकचं अस्तर घातलेलं, चौकोनी. टोपली चौघांनी डोक्यावर उचलून आणली, तेव्हाच मला कळलं की ही फौजेला का सोयीची. आत तुरीच्या काड्यांच्या मोळ्या टाकल्या, ताव्हेर्निएच्या सांगण्याप्रमाणे, वर घोंगडी. राक्षसभुवनच्या आबांना मुद्दाम आणवलं होतं. ते आणि दोन पोरं बसली. वल्हं म्हणून एक लांब काठी, टोकाला फळी ठोकलेली. टोपली हलली, झुकली, सावरली आणि तळ्याच्या मध्यावर जाऊन गरगर फिरायला लागली. काठावर शेतमालकाची नातवंडं टाळ्या पिटत होती.

मी व्हिडिओ कॉलवर दिग्दर्शकांना दाखवत होते. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "छान आहे. फक्त निजामाचे सरदार पुढच्या टोकावर उभे असतात ना, हातात तलवार, तो शॉट. नाळ कुठली धरायची?"

मी फोन आबांकडे केला. त्यांना नाळ म्हणजे काय ते सांगावं लागलं.

"म्होरा? हिला म्होरा न्हाई बापा," ते फोनमध्ये ओरडले. "खाली बसा म्हणावं सरदाराला, न्हाई तर बुडंल."

सत्ताविसावी ओळ मी त्या रात्री बदलून पाठवली: 'टोपली, बांबूची, कातडी मढवलेली, गोल, १२ नग. सरदार बसलेले.'